बटण सोडल्यावर

"उत्तर ध्रुवावर चालतो, सहारा वाळवंटात चालतो, भर समुद्रात बोट बुडत असली तरी चालतो," दुकानदार म्हणाला. "तुम्ही कुठे कुठे वापरणार?"

"टेकडीवर," एनार म्हणाला.

"कुठल्या टेकडीवर?"

"आमच्या."

दुकानदाराने डोरीनकडे पाहिलं. डोरीनने छताकडे पाहिलं. एनारची ही एकुलती एक मुलगी फेअरबँक्स शहरात शाळेची बस चालवायची. बसमधल्या सगळ्या कार्ट्यांना नुसत्या आरशातून बघून गप्प करणारी ही बाई बापापुढे मात्र हात टेकत असे.

"बाबा राहतात तिथे रस्ता नाही, वीज नाही, टेलिफोनची तार नाही," तिने दुकानदाराला समजावलं. "नदीवर विमान उतरतं तेवढंच. घराभोवती स्प्रूसची झाडं इतकी दाट की वर बघितलं तर आभाळ दिसत नाही. मोकळं आभाळ फक्त मागच्या टेकडीवर."

त्या टेकडीवर आणखी काय आहे, ते तिने सांगितलं नाही. टेकडीवर तिची आई होती. ऑलिव्ह. वसंतात नदीचा बर्फ फुटायला लागतो, तेव्हा तिथे कुणाचं काही चालत नाही. पट्ट्यांवर घसरणारं विमान बर्फावर उतरू शकत नाही, तरंगणारं विमान पाण्यावर उतरू शकत नाही, होडी घालायची सोय नसते. नेमकी त्याच दिवसांत ऑलिव्हच्या छातीत कळ आली. एनारने रेडिओवर हाका मारल्या, नदीकाठच्या साऱ्या घरांनी त्या ऐकल्या, सगळे आपापल्या रेडिओपाशी बसून रडले, पण येऊ कुणीच शकलं नाही. शहरापर्यंत रेडिओ पोचत नव्हता. डोरीनला बातमी कळली तेव्हा आई मातीआड गेलेली होती.

ती बापाला एका शब्दानेही बोलली नाही, आणि एनारला नेमकं तेच लागलं होतं. नदी मोकळी होऊन ती येऊ शकली, तेव्हा तिने फक्त एक अट घातली होती. उपग्रहावरून बोलायचा फोन घ्यायचा आणि दर रविवारी दुपारी तिच्याशी बोलायचं. एक रविवार जरी चुकला, तरी विमानवाला मर्ल त्याला उचलून आणेल, मग मुकाट्याने शहरात तिच्या घरी राहायचं. ऑलिव्हला टेकडीवर एकटी टाकून शहरात टीव्हीसमोर बसायचं, हे एनारला जमणारं नव्हतं. म्हणून तो दुकानात आला होता.

येण्याआधी सगळ्या नदीने त्याला सल्ले दिले होते, कारण तिथे कुणाचंही काहीही सगळ्या नदीला माहीत असतं. प्रत्येक घरात एकच जुना रेडिओ, आणि सगळे एकाच पट्टीवर. बटण दाबायचं, बोलायचं, संपलं की 'ओव्हर' म्हणायचं, बटण सोडायचं. बटण दाबलेलं असेल तोवर जगाला ऐकू जातं, सोडलं की बोलणारा आपल्या घरात मोकळा. बटण सोडल्यावर कोण कुणाला काय शिव्या घालतं, ते ज्याचं त्याला माहीत. सगळे ऐकतात म्हणून कुणी रेडिओवर नाजूक काही बोलत नाही. चाळीस वर्षांच्या संसारात एनारने ऑलिव्हला रेडिओवरून म्हटलेलं सगळ्यात प्रेमाचं वाक्य 'जेवायला थांबू नकोस' हे होतं.

खालच्या वळणावरच्या बर्निसने सांगितलं होतं, लाल रंगाचा घे, बर्फात पडला तर सापडेल. पलीकडच्या लूथरने सांगितलं होतं, पाण्यात टाकून बघ, तरंगला तरच घे. एनारने दुकानात पाण्याची बादली मागितली, तेव्हा डोरीनने त्याचा कोपर दाबला.

दुकानदाराने तीन फोन मांडले. पहिला स्वस्त होता, पण त्याचा उपग्रह विषुववृत्तावर एका जागी बसलेला. एनारच्या नदीवरून तो क्षितिजाला टेकलेला दिसणार, आणि मधे डोंगर. दुसऱ्यावर बोलता येत नव्हतं, नुसतं लिहून पाठवायचं. "मला लिहायला येत असतं तर मी सापळे कशाला लावले असते?" एनार म्हणाला. तिसऱ्याचे उपग्रह आभाळभर फिरत असत, एक गेला की दुसरा डोक्यावर. दुकानदार पाऊण तास त्याचे गुण गात होता. एनार मान हलवत होता. शेवटी त्याने फोन हातात घेतला, तोंडासमोर धरला, आणि त्याचा अंगठा आपोआप कडेच्या एका लांबट बटणावर जाऊन बसला. अगदी घरच्या रेडिओच्या माइकसारखा.

"हाच," एनार म्हणाला.

"बघा! जाणकार माणूस," दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाला म्हणाला. "जन्म रानात गेलाय. बरोबर उचलला."

कडेचं ते बटण आवाज वाढवण्याचं होतं. दुकानदाराने ते सांगितलं होतं, डोरीननेही सांगितलं होतं, आणि सोबतच्या जाड पुस्तकात चित्रासकट छापलेलं होतं. पण अंगठ्याला चाळीस वर्षं जे माहीत आहे, ते कानाला सांगून काय उपयोग? ते पुस्तक फाडून एनारने घरी गेल्यावर चूल पेटवली.

पहिल्या रविवारी तो टेकडी चढून गेला. ऑलिव्हच्या कबरीपाशी एक सपाट दगड होता, त्यावर बसला. डोरीनने नंबर आधीच भरून ठेवला होता, हिरवी कळ तेवढी दाबायची होती.

"बाबा! ऐकू येतंय का?"

एनारने फोन माइकसारखा तोंडासमोर धरला, अंगठा दाबला. "येतंय. ओव्हर."

"अहो, ओव्हर कशाला? हा काय रेडिओ आहे?"

"बरं. ओव्हर."

"कसे आहात? सगळं ठीक ना?"

"सगळं ठीक आहे. काही कमी नाही. ओव्हर," एनार म्हणाला आणि त्याने अंगठा उचलला. मग कबरीकडे वळून हळूच म्हणाला, "ऑलिव्ह, खोटं बोललो बघ. चुलीचं धुराडं गंजून चाळण झालंय. रात्रभर घरात धूर, आणि मी डोळे चोळत बसतो. पण सांगितलं तर उद्याच मर्लला धाडेल. तू आपली गप्प राहा हं."

फोनमधून बराच वेळ काही आलं नाही. आवाज आभाळात जाऊन परत यायला वेळ लागतो, हे दुकानदाराने सांगितलं होतं, ते मात्र एनारच्या लक्षात होतं.

"बाबा, तुमचं ते..." डोरीन म्हणाली आणि थांबली. मग वेगळ्याच आवाजात म्हणाली, "बरं. पुढच्या रविवारी बोलू. ओव्हर."

"शिकली की नाही?" एनार कौतुकाने ऑलिव्हला म्हणाला. रेडिओला 'ठेवणं' नसतं, त्यामुळे त्याने फोनही ठेवला नाही. तो दगडावर आडवा घातला आणि ऑलिव्हशी गप्पा मारत बसला. नदी उतरलीय, हंस दक्षिणेकडे निघालेत, तुझा निळा कप आकड्यावरून काढायला हात होत नाही, असं सगळं.

पुढच्या डाकेच्या विमानातून मर्लने नवंकोरं धुराडं उतरवलं.

"हे कुणी मागवलं?" एनारने विचारलं.

"मला काय माहीत? मी फक्त सामान वाहतो," मर्ल म्हणाला. वीस वर्षं तो या नदीवर विमान उतरवत होता, आणि वीस वर्षं त्याचं हेच उत्तर होतं.

"पण मी कुणाला बोललो नाही."

"मग धुराड्यालाच कीव आली असेल तुझी. धर तिकडून."

दुसऱ्या रविवारी एनारने बटण दाबून सांगितलं, की जेवण झकास चाललंय. बटण सोडून सांगितलं, की ऑलिव्ह, दाढ हलतेय, मूस हरणाचं मांस चावत नाही, तीन दिवस पिठाची लापशी खातोय. डाकेच्या विमानातून मांस बारीक करायचं यंत्र आलं, बरोबर पीचच्या फोडींचे डबे. तिसऱ्या रविवारी त्याने फाटक्या मोज्यांचं गाऱ्हाणं ऑलिव्हच्या कानावर घातलं. लोकरीचे मोजे आले. दरम्यान डोरीनचा आवाज दर रविवारी वाढत चालला होता. चौथ्या रविवारी तिने "बाबा!" म्हटलं तेव्हा झाडावरचे कावळे उडाले. "तब्येत सुधारली पोरीची," एनार ऑलिव्हला म्हणाला. "छाती भरलीय."

पण धुराडं, यंत्र आणि मोजे यांनी त्याची झोप उडवली होती. कुणीतरी चहाडी करत होतं. चहाडीचा विषय निघाला की नदीवर एकच नाव निघे. बर्निसकडे हंस बघायची मोठी दुर्बीण होती. ती हंसांपेक्षा माणसंच जास्त बघते, असं लूथर म्हणायचा. एनारने संध्याकाळी रेडिओ उचलला.

"बर्निस, ती दुर्बीण जरा दुसरीकडे फिरव. ओव्हर."

"काय म्हणालास? ओव्हर."

"माझ्या तोंडात किती दात उरले ते मोजतेस आणि शहरात कळवतेस. ओव्हर."

सगळी नदी रेडिओपाशी सरसावून बसली. कुठेतरी कुणीतरी कॉफीचा कपही खाली ठेवला असेल.

"एनार," बर्निस शेवटी म्हणाली, "तुझ्या तोंडात बघण्यासारखं काही असतं, तर ऑलिव्हनेच सांगितलं असतं मला. आणि एक लक्षात ठेव. ऑलिव्ह गेल्यापासून दर शुक्रवारी पाव कोण पाठवतं तुला? आता दुर्बिणीलाच सांग भाजायला. ओव्हर."

शुक्रवारी पाव आला नाही. लूथरने बर्निसची बाजू घेतली आणि धुरी दिलेला सॅल्मन मासा पाठवणं बंद केलं. लूथरच्या पलीकडच्यांनी लूथरची बाजू घेतली. उचलली जीभ लावली टाळ्याला, आणि एका वाक्यात एनार अख्ख्या नदीवर वाळीत पडला. रविवारी त्याने डोरीनला "शेजारीपाजारी मजेत" असं सांगितलं, आणि बटण सोडून ऑलिव्हपाशी पावाचं रडगाणं गायलं. त्या भरात मर्ललाही सोडलं नाही. "आणि तो मर्ल! विमान उतरवतो की वरून टाकतो? जेट्टीची फळी गेली परवा. वर कॉफीत पाच चमचे साखर. डबा खरवडून काढला मेल्याने."

त्या आठवड्यात मर्लचं विमान पाण्यावर उतरलं ते पीस पडावं तसं. त्याने पिठाची गोणी उतरवली, यीस्टचा डबा उतरवला, मग खिशातून साखरेची पुडी काढून टेबलावर आपटली.

"आज जमलं का उतरवायला?" त्याने नाक फुगवून विचारलं. "आणि ही माझी साखर. घरून आणलीय."

एनारच्या हातातली किटली तशीच राहिली. पावाचं बर्निसला माहीत होतं. पण साखरेचं? ते त्याने ना रेडिओवर म्हटलं होतं, ना स्वतःशी. ते त्याने फक्त टेकडीवर म्हटलं होतं, बटण सोडून. ऐकायला एकटी ऑलिव्ह होती.

मर्ल गेल्यावर तो कितीतरी वेळ ऑलिव्हच्या निळ्या कपाकडे बघत बसला. तो देवाधर्माचा माणूस नव्हता. सापळ्यात सापडतं तेवढंच खरं, असं मानणारा होता. पण धुराडं खरं होतं. मोजे पायात होते. ती ऐकत होती. जिवंतपणी मी बोलायला लागलो की विणकाम घेऊन बसायचीस, आणि आता बघ, असं म्हणून तो हसला. मग एकाएकी त्याला रडू कोसळलं. ती गेल्यापासून तो पहिल्यांदाच रडत होता.

रविवारी त्याने दाढी केली, धुतलेला सदरा घातला आणि मगच टेकडी चढला.

"सगळं ठीक आहे. ओव्हर," त्याने डोरीनला सांगून टाकलं, अंगठा उचलला आणि तो कबरीपुढे गुडघ्यांवर बसला.

"ऑलिव्ह, तू ऐकतेस हे कळलं, म्हणून विचारतो. माझ्यावर रागावलीस का?" त्याने टोपी काढली. "त्या रात्री तू सारखी डोरीन, डोरीन करत होतीस. मी म्हटलं, डोरीन निघालीय. मर्ल घेऊन येतोय. अगं, नदी बंद होती. मर्ल कुठून येणार? पोरीला तर कुणी कळवलंसुद्धा नव्हतं. आणि तू विमानाच्या आवाजाकडे कान लावून पडून राहिलीस. उजाडेपर्यंत. मधेच विचारायचीस, आलं का? मी म्हणायचो, आलंच. शेवटचं म्हणून माझ्याकडून खोटं ऐकून गेलीस तू. हे पोरीला कुठल्या तोंडाने सांगू? तिच्या नजरेला नजर देता येत नाही मला, म्हणून तर शहरात जात नाही."

फोनमधून काहीतरी आवाज आला. वाऱ्यावर अँटेना कुरकुरते तसा. एनारने लक्ष दिलं नाही. बऱ्याच वेळाने डोरीन म्हणाली, "बाबा. थंडी वाढलीय. टोपी घालत जा." आणखी काही वेळाने म्हणाली, "ओव्हर."

मन मोकळं झालं, पण उत्तर मिळालं नव्हतं. एनारला ते हवं होतं. आठवड्याच्या मधेच एक दिवस तो पुन्हा टेकडीवर गेला. फोन घरी रेडिओच्या जनरेटरवर बॅटरी भरायला लावलेला होता, आणि ऑलिव्हशी बोलायला फोन कशाला लागतो? "ऑलिव्ह, माफ केलं असशील तर चेरीच्या वासाची तंबाखू पाठव," तो म्हणाला. या तंबाखूवरून ऑलिव्हने त्याच्याशी जन्मभर भांडण केलं होतं, आणि शेवटी त्याचा पाइप नदीत भिरकावला होता. तिने ती पाठवली, तर मग विचारायलाच नको.

विमान आलं. मर्लने रॉकेल उतरवलं, बटाटे उतरवले आणि हात झटकले.

"आणखी?" एनारने विचारलं.

"आणखी काही नाही."

"नीट बघ. शेपटाकडे बघ. लहानशी पुडी असेल."

मर्लने शेपटाकडे बघितलं. एनारने स्वतः आत शिरून सीटखाली हात घातले. मग तो बाहेर आला आणि जेट्टीच्या मोडक्या फळीवर मटकन बसला. त्याचा चेहरा बघून मर्ल घाबरला.

"अरे, काय हवं होतं तुला?"

"तंबाखू. चेरीची."

"तंबाखू? तंबाखूचं काही बोलली नाही बुवा डोरी..." मर्लने जीभ चावली, पण तोवर उशीर झाला होता.

"डोरीन?" एनार म्हणाला. "डोरीनचा काय संबंध?"

मर्लने नदीकडे बघितलं, ढगांकडे बघितलं, आपल्या बुटांकडे बघितलं. वीस वर्षं तो फक्त सामान वाहत आला होता. हे सामान मात्र त्याला जड गेलं. "म्हाताऱ्या, फोन घेऊन ये," तो म्हणाला. आणल्यावर त्याने कडेचं बटण दाबून दाखवलं. "हे आवाज वाढवायचं. दाबलं काय, सोडलं काय, पलीकडे सगळं ऐकू जातं. आणि ही लाल कळ दाबल्याशिवाय हा बंद होत नाही. ती दर रविवारी तासभर ऐकत बसते. साखरेचंसुद्धा तिनेच मला सांगितलं, हसत होती. गेल्या रविवारी मात्र तिचा फोन आला, तेव्हा रडत होती. काय झालं म्हणून विचारलं, तर सांगेना."

एनारला आधी संताप आला. मग लाज आली, इतकी की त्याने टोपी डोळ्यांवर ओढली. मग तिसरी गोष्ट ध्यानात आली, आणि पहिल्या दोन्ही क्षुल्लक वाटल्या. ऑलिव्ह ऐकत नव्हती. धुराडं तिने पाठवलं नव्हतं, मोजे तिने पाठवले नव्हते. इतके दिवस ती टेकडीवर होती, आणि आज पुन्हा गेली.

"पोरीला सांगू नकोस, मला कळलंय म्हणून," तो म्हणाला.

"मी फक्त सामान वाहतो," मर्ल म्हणाला आणि त्याने एनारचा खांदा दाबला.

रविवार उजाडला. जाऊच नये असं एनारला वाटलं. पण गेलं नाही तर मर्ल उचलायला येणार, आणि नदीच्या कडेला काचेसारखा पातळ बर्फ धरायला लागला होता. तरंगणाऱ्या विमानाची आता एखादीच फेरी व्हायची होती. चढता चढता त्याच्या मनात एक विचार आला, आणि तो वाटेतच थांबला. धुरामुळे झोप येत नाही, चावता येत नाही, शेजाऱ्यांनी टाकलंय, हे सगळं तो आपल्या तोंडाने बोलला होता. डोरीनला त्याला शहरात न्यायचंच असतं, तर पहिला रविवार पुरेसा होता. तिने मर्लला पाठवलं खरं, पण धुराडं घेऊन.

तो दगडावर बसला आणि त्याने हिरवी कळ दाबली.

"बाबा? कसे आहात?"

अंगठा सवयीने बटणावर गेला. "सगळं ठीक आहे. ओव्हर." त्याने अंगठा उचलला. आता नेहमीप्रमाणे बोलायचं, तर जीभ उचलेना. समोर माती होती, आणि मातीला ऐकू येत नव्हतं. त्याने दोनदा घसा खाकरला.

"ऑलिव्ह," तो शेवटी म्हणाला. "धुराडं चांगलं ओढतंय. मोजे उबदार आहेत. पोरगी चांगली निघाली आपली." आणि पुढे काही सुचेना.

मग डोरीन म्हणाली, "ठीक आहे बाबा. ओव्हर." आणि लगेच तिचा आवाज बदलला. ती आता त्याच्याशी बोलत नव्हती.

"आई," ती हळूच म्हणाली, "पहिल्याच रविवारी मी सांगणार होते त्यांना, बटणाचं. पण मला नुसतं 'सगळं ठीक' सांगतात, आणि खरं ते तुला. मग म्हटलं, तुझ्या वाटचं थोडं मलाही ऐकू दे."

बिचारीला वाटत होतं आपण कुजबुजतोय. पण दर रविवारी दाबून दाबून एनारने आवाज पार शेवटच्या टोकाला नेऊन ठेवला होता. तिची ती कुजबुज अख्ख्या टेकडीवर घुमली, आणि कावळे पुन्हा उडाले. तिथल्या मातीला कान असतेच, तर तिलाही ऐकू गेलं असतं.

"त्या रात्रीचं ऐकलं मी, आई. खूप रडले. मला वाटायचं, तू मला विसरून गेलीस. कुणी येणार नाही हे कळून जाण्यापेक्षा, कुणीतरी येतंय म्हणून वाट बघत जाणं बरं गं. मला येता आलं नाही, तर बाबांनी मला आणलं तुझ्यापाशी. त्यांना सांग, याचा राग कसा येईल?" ती थांबली, नाक पुसल्याचा आवाज आला. "आणि ऐक. मर्लच्या शेवटच्या फेरीने मी येतेय. नदी गोठून घट्ट होईपर्यंत परत जाता येणार नाही, चालेल मला, बसवर दुसरी बाई लावलीय. बाबांना बोलू नकोस, नाहीतर उगाच झाडलोट करत बसतील. आणि त्या बर्निसबाईंची माफी मागायला सांग त्यांना. बाई चांगली आहे."

एनारचं तोंड उघडलं आणि मिटलं. त्याची पाळी नव्हती. नदीवरचा माणूस दुसऱ्याची पाळी संपल्याशिवाय बोलत नाही. तो गालांवरून हात फिरवत थांबला.

"ओव्हर," डोरीन म्हणाली.

त्याने अंगठा दाबला. "सगळं ठीक आहे," तो म्हणाला, पण आवाज नीट निघाला नाही, म्हणून पुन्हा म्हणाला. "सगळं ठीक आहे, पोरी. ओव्हर." मग त्याने त्या फोनची लाल कळ पहिल्यांदाच दाबली.

संध्याकाळी साऱ्या नदीला रेडिओवर एनारचा आवाज ऐकू आला. तो वाळीत पडल्यापासून पहिल्यांदाच.

"बर्निस, तुझ्याकडे लांब दांड्याचा झाडू आहे ना? दोन दिवस दे. आणि ते दुर्बिणीचं... चुकलं माझं. तू नव्हतीस. ओव्हर."

नदी श्वास रोखून ऐकत होती. बर्निसने तिला भरपूर ताटकळत ठेवलं.

"झाडू पाठवते," ती म्हणाली. "पावही पाठवते. पण तुला झाडू कशाला रे? जन्मात कधी झाडलं नाहीस. कोण येतंय? ओव्हर."

"कुणी नाही. सहज. ओव्हर."

एनारने बटण सोडलं. मग अंगठा खरोखर उचललाय ना, ते दिव्याजवळ धरून पाहिलं, आणि माइक आकड्याला लावला. दुसऱ्या आकड्यावर निळा कप होता. तो त्याने खाली काढला, सदऱ्याच्या टोकाने आतून बाहेरून पुसला आणि टेबलावर ठेवला.

"ऑलिव्ह," तो कपाला म्हणाला, "डोरीन निघालीय. मर्ल घेऊन येतोय."

या वेळी ते कुणालाच ऐकू गेलं नाही.